लस येईपर्यंत थांबू का?

प्रश्न : ताई, मी ३३ वर्षांची आहे, सांगली जिल्ह्यात राहते. मुलगी दहा वर्षांची, मुलगा पाच. आता मूल नको, यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे. मुलाच्या वेळेनंतर तांबी बसवली होती, पण पाळीत इतकं अंगावरून जायचं की वर्षभरात काढून टाकली. मग गोळ्या घेतल्या, तर अर्धशिशी सुरू झाली. आता तारखा मोजून चाललंय. गेल्या सहा महिन्यांत दोनदा मेडिकलमधून ७२ तासांची गोळी आणावी लागली. मिस्टर हायस्कूलला विज्ञान शिकवतात. नसबंदीचं विचारलं की म्हणतात, "कापाकापी कशाला? शुक्राणूवरची प्रथिनं सापडलीत, त्यांच्यावर लस येतेय, दोन-चार वर्षं कळ काढ." ते विज्ञानाचं बोलायला लागले की मला पुढे काही सुचत नाही. सासूबाई म्हणतात, तूच ऑपरेशन करून मोकळी हो. आणि जाऊबाई सांगतात, शाळेतल्या मुलींना गर्भाशयाच्या कॅन्सरची म्हणून देतात ती हीच लस, तिच्यानं मुली वांझ होतात, लेकीला देऊ नकोस. खरं काय? थांबू का?

उत्तर : थांबू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं उत्तर लांबलंय आणि ते वाचण्यात तुमचा आणखी एक महिना तारखा मोजण्यात जायला नको.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. त्यांनी वाचलं ते खोटं नाही. नुसतं खरंच नाही, तर फार सुरेख आहे. पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकलाय. विज्ञानाचे शिक्षक आहेत, तेव्हा हा मधला भाग त्यांनाच वाचायला द्या.

२००५ साली जपानमधल्या ओसाका विद्यापीठातल्या मासारु ओकाबे यांच्या गटाने शुक्राणूवरचं एक प्रथिन शोधलं आणि विवाहदेवतेच्या जपानी देवस्थानावरून त्याचं नाव ठेवलं इझुमो. हे प्रथिन ज्यांच्यात नाही असे उंदीर त्यांनी तयार केले. नर धडधाकट, शुक्राणूंची संख्या नेहमीसारखी, पोहणं नेहमीसारखं. पण पिल्लं होईनात. मादीच्या शरीरातून बीजांडं काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर शुक्राणू बीजांडाचं जाड बाह्य कवच भेदून आत पोचलेले होते. कवच आणि बीजांड यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ते दाटीवाटीने वळवळत होते आणि त्यातला एकही बीजांडात शिरत नव्हता. इतकं अंतर कापून नेमकं शेवटच्या पायरीवर अडलेले! बीजांडाच्या बाजूचा जोडीदार सापडायला २०१४ उजाडलं. इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये एन्रिका बियांकी आणि गॅविन राइट यांनी तो शोधला, त्याचं नाव जुनो. एक शुक्राणू आत गेला की अर्ध्या-पाऊण तासात बीजांड आपल्या पृष्ठभागावरचं जुनो झटकून टाकतं, म्हणजे दुसऱ्याला धरायला जागाच उरत नाही.

तुमच्या मिस्टरांनी बहुधा वाचलं असेल ते २०२४ चं. व्हिएन्नातल्या आंद्रेआ पाउली यांच्या गटाने प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीची मदत घेतली. इझुमो एकटं काम करत नाही, स्पाका-सिक्स आणि टीमेम-एटीवन ही आणखी दोन प्रथिनं त्याला जोडून त्रिकूट तयार होतं, असं त्यातून दिसलं. माशांपासून माणसापर्यंत हे त्रिकूट टिकून आहे. अशा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात "यातून नवी गर्भनिरोधकं तयार होऊ शकतील" असं वाक्य हमखास असतं. ते वाचून लोक शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलत असतील, हे ते लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसेल.

शुक्राणूविरुद्ध लस ही कल्पना मात्र या प्रथिनांहून कितीतरी जुनी आहे. १९३२ साली अमेरिकेत बास्किन नावाच्या डॉक्टरांनी मुलंबाळं असलेल्या वीस स्त्रियांना त्यांच्या नवऱ्यांचं वीर्यच इंजेक्शनने टोचलं आणि वर्षभरापर्यंत दिवस गेले नाहीत असं जाहीर केलं. आज असल्या प्रयोगाला कुठलीही नीतिसमिती दारात उभं करणार नाही. त्यानंतर अख्ख्या वीर्याऐवजी एकेक प्रथिन निवडून लस करण्याचे प्रयत्न झाले. १९८८ साली पॉल प्रिमाकॉफ यांच्या गटाने पीएच-ट्वेंटी या शुक्राणू-प्रथिनाची लस गिनीपिगना दिली आणि नर-मादी दोघांतही ती शंभर टक्के लागू पडली. माद्यांची प्रजननक्षमता सहा ते पंधरा महिन्यांत परतही आली. त्या वर्षी कुणी मला विचारलं असतं, तर मीही "येईल बुवा लस" म्हणाले असते. पुढे हीच लस सशांवर आणि उंदरांवर करून पाहिली, तर काही उपयोग झाला नाही. आणि गिनीपिग नरांच्या वृषणांमध्ये त्यांच्याच प्रतिकारशक्तीने जळजळ मांडलेली आढळली.

इथे शिक्षकांनी जरा थांबावं. शुक्राणू तयार होतात वयात आल्यावर आणि तेही रक्तापासून वेगळ्या ठेवलेल्या कोठड्यांत. त्यामुळे पुरुषाची प्रतिकारशक्ती त्यांना आपलं मानायला कधी शिकलेलीच नसते. पुरुषाला शुक्राणूविरोधी लस टोचायची म्हणजे त्याच्या शरीराला त्याच्याच वृषणांवर सोडायचं. "कापाकापी नको" म्हणणाऱ्या माणसाला हे जास्त मानवेल, असं मला वाटत नाही.

मग बाईला द्यावी? तिच्या दृष्टीने शुक्राणू परकेच. पण परके असले तरी ते येतात कोटींच्या संख्येने, आणि लशीने तयार झालेल्या अँटीबॉडीज रक्तात भरपूर असून भागत नाही. त्या गर्भाशयमुखाच्या स्रावात आणि बीजनलिकेत पुरेशा प्रमाणात लागतात, महिन्याच्या नेमक्या त्याच दिवशी. त्यात इझुमोची आणखी एक खोड. शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी एक पिशवी असते. ती फुटेपर्यंत इझुमो आत दडलेलं असतं. बीजांडाच्या अगदी जवळ गेल्यावर ते उघडं पडतं. म्हणजे अँटीबॉडीला ते गाठायला वेळ मिळतो तो अगदी शेवटचा.

आता मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटणारा आकडा सांगते. शुक्राणूंवरची नाही, पण गर्भनिरोधक लशींपैकी माणसांवर सर्वांत पुढे गेलेली लस आपल्याच देशातली. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत जी. पी. तलवार यांनी ती केली. गर्भ रुजताना जे एचसीजी हार्मोन सोडतो (लघवीच्या चाचणीत दोन रेघा त्याच्यामुळेच उमटतात), त्याच्याविरुद्ध ही लस होती. दिल्ली आणि चंडीगडच्या रुग्णालयांत ती १४८ स्त्रियांना दिली गेली, निष्कर्ष १९९४ मध्ये छापून आले. गर्भधारणा रोखायला लागते त्या पातळीच्या वर ११९ जणींच्या अँटीबॉडीज गेल्या. त्या वर असताना १,२२४ पाळीचक्रांत फक्त एक गर्भधारणा झाली. फार मोठं यश आहे हे. पण उरलेल्या २९ जणी? त्यांनाही लस टोचली होतीच.

दुसरं उदाहरण नरांचं. एपिन नावाचं प्रथिन शुक्राणूच्या पृष्ठभागावर असतं. २००४ मध्ये मायकेल ओरँड यांच्या गटाने नऊ नर माकडांना त्याची लस दिली. सातांमध्ये अँटीबॉडीज भरपूर तयार झाल्या आणि त्या सातांकडून एकही मादी गाभण राहिली नाही. दोघांमध्ये पुरेशा तयारच झाल्या नाहीत. लस थांबवल्यावर सातांपैकी पाच जण पुन्हा प्रजननक्षम झाले.

एकीकडे स्त्रिया, दुसरीकडे नर माकडं, लशी वेगळ्या, तरी दोन्हीकडे साधारण पाचातला एक लशीला जुमानत नाही. साथीच्या रोगाच्या लशीला हे चालतं. पाचांपैकी चारजण सुरक्षित झाले की साथ मंदावते आणि पाचव्याचंही आपोआप भागतं. गर्भधारणेत शेजारणीने लस घेतल्याने तुमचं काही भागत नाही. त्या पाचव्या तुम्ही आहात की नाही, हे कळायला दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं. लशीचा जोर कधी ओसरला, तेही रक्त तपासूनच. आणि उद्या मन बदललं तर तांबीसारखी काढून टाकायची सोय नाही. माझं स्पष्ट मत आहे की गर्भनिरोधनासाठी लस हा मार्गच मुळात बेताचा. त्रिकुटाच्या जागी उद्या चौकडी सापडली, तरी माणसा-माणसाच्या प्रतिकारशक्तीतला हा फरक तसाच राहणार.

कळपांना मात्र ती शोभून दिसते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ॲसाटीग बेटावर रानटी घोड्यांची संख्या आटोक्यात ठेवायला बीजांडाच्या कवचावरची लस कित्येक वर्षं बंदुकीने मारल्या जाणाऱ्या सुईतून दिली गेली. एखादी घोडी व्यालीच, तर कुणाचं काही अडत नाही. (कोकणातल्या बागायतदारांना माकडांसाठी असं काही मिळालं, तर ते रांग लावतील.) दक्षिण आफ्रिकेत हत्तिणींनाही ती दिली गेलीय. आपण मात्र कळपाचं नाही, तुमचं बोलतोय.

शुक्राणू-प्रथिनांवरचं संशोधन वाया गेलंय, असं मात्र मिस्टरांनी समजू नये. त्याने फक्त वाट बदललीय. जपानमधल्या एका वंध्यत्व असलेल्या स्त्रीच्या शरीरात शुक्राणूंना एकमेकांना चिकटवून टाकणारी अँटीबॉडी सापडली होती. अशा स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या स्रावाचा थेंब काचेवर घेऊन पाहिला, तर शुक्राणू जिवंत असतात, शेपट्या हलत असतात, पण पुढे सरकत नाहीत, जागच्या जागी थरथरतात. तीच अँटीबॉडी बोस्टनमध्ये डेबोरा अँडरसन यांच्या गटाने प्रयोगशाळेत तयार केली. ती योनीत ठेवायच्या, आपोआप विरघळणाऱ्या पट्टीत घालून पाहिलीय, आणि थोड्या स्त्रियांवरची पहिली चाचणी झालीय. यात तुमच्या प्रतिकारशक्तीवर काहीच अवलंबून नाही, तयार अँटीबॉडी हवी तेव्हा वापरायची. एपिनवाल्या ओरँड यांनीही पुढे लस सोडली आणि त्याच प्रथिनाला धरून बसणाऱ्या औषधाच्या मागे लागले, माकडांत त्याने शुक्राणूंची हालचाल काही काळ थांबली. पण यातलं काही तुमच्या गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही आणि दोन-चार वर्षांत मिळेल, असं समजून संसाराचं नियोजन करू नका.

जाऊबाईंची भीती वेगळी आहे, पण तिला मूळ आहे, म्हणून नुसतं हसून सोडता येत नाही. तलवारांच्या लशीत ते हार्मोन एकटं टोचून भागत नव्हतं, शरीर त्याला आपलंच समजतं. म्हणून ते धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या लशीतल्या घटकाला जोडलं होतं. झालं, तेवढ्यावरून "धनुर्वाताच्या सुईतून बायकांना वांझ करतात" ही अफवा देशोदेशी फिरली. केनियात २०१४ मध्येही तिने मोठा गदारोळ उडवला. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या स्त्री-संघटनांनीही गर्भनिरोधक लशींना कडाडून विरोध केला होता, पण त्यांचा मुद्दा अफवेचा नव्हता. बाईला न सांगता टोचता येईल आणि तिला स्वतःहून काढता येणार नाही, अशी वस्तू लोकसंख्येचं लक्ष्य गाठायला निघालेल्या यंत्रणेच्या हाती द्यायची का, हा त्यांचा प्रश्न होता. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झालेल्या देशात तो प्रश्न अगदी रास्त होता.

लेकीच्या लशीचा मात्र या कशाशीच संबंध नाही. ती गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस. तिच्यात त्या विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनाची रिकामी कवचं असतात. शुक्राणू, बीजांड, हार्मोन यातलं काहीही नाही. घेतलेल्या मुलींचा जगभर पाठपुरावा झालाय, वंध्यत्वाशी संबंध आढळलेला नाही. आता ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही मिळते. दहाव्या वर्षी देणं उत्तम, या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. जाऊबाईंनाही मुलगी असेल तर दोघींना एकदमच घेऊन जा.

आता तुमचं. तारखा मोजणं आजपासून बंद. ७२ तासांच्या गोळीने पाळीच्या तारखा पुढे-मागे होतात, म्हणजे जिच्या भरवशावर तुम्ही मोजताय ती तारीखच हलते आणि मग पुन्हा गोळी आणावी लागते. ती गोळी अडीनडीची आहे, महिन्याच्या किराण्यात धरायची नाही. या महिन्यात पाळी आठवडाभर जरी लांबली, तरी आधी लघवीची चाचणी करून घ्या.

तोवर दर वेळी कंडोम, आणि दर वेळी म्हणजे दर वेळी. त्याच्या जोडीला काही हवं असेल तर आशाताईंना 'छाया' गोळीबद्दल विचारा. ही आपल्याच लखनौच्या प्रयोगशाळेतून निघालेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची. नेहमीच्या गोळ्यांतलं हार्मोन तिच्यात नाही. पाळी थोडी लांबते, घाबरू नका. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शनही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, मात्र त्याने पाळीचं वेळापत्रक विस्कटतं, आणि तांबीच्या वेळच्या अनुभवानंतर ते तुम्हाला सोसेल का, याचा विचार करा. काहीही घेण्याआधी डॉक्टरांना अर्धशिशीचं नीट सांगा. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येते का, हात किंवा तोंड बधिर होतं का? होत असेल तर पूर्वीच्या गोळ्या पुन्हा कधीच घ्यायच्या नाहीत, त्यात पक्षाघाताचा धोका असतो. तुमच्या पत्रात हे नव्हतं आणि मला विचारायचं राहायला नको.

कायमचा उपाय म्हणाल, तर सासूबाईंचं मत मला पटत नाही. बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते. तुम्ही दोन बाळंतपणं काढलीत, तांबी सोसलीत, गोळ्या सोसल्यात. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत जागा बधिर करून एक बारीक छिद्र, पंधरा-वीस मिनिटं, आणि त्याच दिवशी घरी. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशभरच्या विवाहित जोडप्यांत बाईची शस्त्रक्रिया ३७.९ टक्क्यांची आणि पुरुषाची ०.३ टक्क्यांची. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महापालिकेचे डॉ. दत्ता पै रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं चालवत होते आणि लोक गाडी पकडता पकडता करून घेत होते. त्यानंतर आणीबाणीची जबरदस्ती आली आणि पुरुषांनी जे अंग काढून घेतलं, ते आजतागायत. ताकद जाते, वजन उचलता येत नाही, शय्यासुखात फरक पडतो, यातलं काहीही खरं नाही. वीर्यात शुक्राणूंचा वाटा नगण्य असतो, हार्मोन रक्तातून जातं आणि ते जातच राहतं.

आणि शिक्षकांसाठी एक गंमत. नसबंदीनंतर निम्म्याहून जास्त पुरुषांच्या रक्तात शुक्राणूविरोधी अँटीबॉडीज आपोआप तयार होतात. तब्येतीला त्यांचा काही त्रास नाही. म्हणजे ज्या लशीची ते वाट बघताहेत, तिचं काम त्यांचं शरीर बहुधा फुकटात करेल. पुढेमागे नस पुन्हा जोडायची म्हटली तर याच अँटीबॉडीज आड येऊ शकतात, म्हणून हा निर्णय कायमचा समजूनच घ्यायचा. त्याबद्दल दोघांनी आधी मोकळेपणाने बोलून घ्या. तुमच्या पत्रात मूल नको यावर एकमत आहे, पण ते त्यांच्या तोंडून तुम्ही ऐकलंय की सासूबाईंच्या, हे एकदा बघा.

त्यांनी होकार दिला, तर सिव्हिलला किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियेचा वार विचारून घ्या. खर्च काही नाही, उलट सरकारकडून थोडी रक्कम मिळते. करून आल्यावर दोन दिवस घट्ट अंतर्वस्त्र, आठवडाभर सायकल-मोटारसायकल नको. शस्त्रक्रियेनंतरही नळीत पुढे गेलेले शुक्राणू काही काळ असतात, त्यामुळे तीन महिने कंडोम चालू ठेवायचा. मग वीर्य तपासून, शुक्राणू नाहीत असा लॅबचा कागद हातात आल्यावरच तो बंद करायचा. बरेच जण त्या तपासणीला जातच नाहीत. मिस्टरांना सांगा, सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघायला मिळतं का ते लॅबवाल्याला विचारा, विज्ञानाच्या माणसाला आवडेल.